‘कुटुंबवत्सल’ या शब्दापाशी अडलंय

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

मी ४२ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. बाबा नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी भूगोलाचे शिक्षक, १९८० ते २०१४, एकच शाळा. डोंगरांचं भयंकर वेड, दर रविवारी पोरांना घेऊन कुठलातरी गड. मागच्या श्रावणात गेले, ६९ वर्षांचे होते. आता वर्ष होईल. माजी विद्यार्थ्यांनी ग्रुप काढलाय, तीनशेच्या वर लोक आहेत. त्यांना रतनगडाच्या नेढ्याजवळ (कातळातलं आरपार भोक) सरांच्या नावाची संगमरवरी पाटी लावायचीय, शाळेत अर्धपुतळा बसवायचाय आणि स्मरणिका काढायचीय. स्मरणिकेत मी लिहायचं, विषय त्यांनीच दिलाय, ‘कुटुंबवत्सल सर’. तीन आठवडे झाले, एक ओळ नाही. मला आठवतात ते बाबा घरात नसलेले रविवार. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा ते शिबिर घेऊन हरिश्चंद्रगडावर होते. ग्रुपवर सगळे किस्से टाकतात, सर गडावर खरडलेली नावं आम्हाला ओल्या फडक्याने पुसायला लावायचे वगैरे, आणि शेवटी ‘सर आम्हाला वडिलांसारखे’. ते वाचून रडू येतं, रागही येतो, मग रागाची लाज वाटते. मला त्यांनी डोंगरावर एकदाच नेलं, सातवीत, कळसूबाईला. शिडीपाशी मी घाबरले, आम्ही परत आलो. नंतर त्यांनी कधी विचारलं नाही, मीही म्हटलं नाही. भाऊ म्हणतो छान छान लिहून टाक, कोण वाचतंय. आई काही बोलत नाही. रोज सकाळी अंगणातलं बाबांचं पावसाचं भांडं बघते, वहीत आकडा लिहिते, पाऊस नसला तर शून्य लिहिते, आणि कामाला लागते. खरं लिहू की चांगलं लिहू? आणि पाटीला हो म्हणू का?

ता.क. बाबा वाईट नव्हते हो. जूनमध्ये डोंगरावरून येताना आईसाठी शेवळं आणायचे, काकडं पण न विसरता. मे महिन्यात माझ्यासाठी रुमालात करवंदं. उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

---

अगं (वयाने मोठी आहे म्हणून सरळ अगंतुगं करते, चालवून घे),

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा खालून वर वाचलं. म्हणजे आधी ता.क. आणि मग बाकीचं. तू पण एकदा तसं वाचून बघ, कारण मला वाटतं तुझा लेख तिथे सुरू झालाय आणि तू त्याला ‘उगाच आठवलं’ म्हणून खाली ढकललंयस.

शेवळं माहीत नसलेल्या वाचकांसाठी सांगते, पहिल्या पावसात जमिनीतून कोंब येतात त्यांची भाजी, चवीला अप्रतिम पण नुसती केली तर घसा असा खवखवतो की विचारू नका. ती खाज मारायला काकडं लागतात, छोटी आंबट हिरवी फळं. आता गंमत अशी की शेवळं खाली जमिनीवर आणि काकडं वर झाडाला, आणि ते झाड काही शेवळांच्या शेजारी तुमची वाट बघत उभं नसतं, हेरून ठेवावं लागतं. चाळीस पोरं बरोबर, पाय चिखलात, शेवटची एसटी चुकायची भीती, आणि हा माणूस वाट वाकडी करून काकडं तोडतोय, कारण त्याला माहितीय की संध्याकाळी घरी ही भाजी कुणीतरी चिरणारेय आणि काकडं नसली तर ती फुकट जाणारेय. नुसती शेवळं घेऊन येणारे नवरे मी खूप पाहिलेत, काकडं आठवणारा एखादाच.

पण थांब. मी हे सांगून तुझे रविवार भरून देत नाहीये. काकडांच्या बदल्यात दहावीचा निकाल असा हिशेब होत नसतो. तू पंधरा-सोळा वर्षांची, हातात मार्कलिस्ट, आणि ज्यांना दाखवायची ते हरिश्चंद्रगडावर, तेव्हा मोबाईल नाही, काही नाही. ते लागलं, लागणारच होतं. तुझा राग खोटा नाही आणि त्याची लाज वाटायचं काही कारण मला तरी दिसत नाही. माणूस गेला की त्याच्यावर रागवायचा हक्क पण संपतो असं आपल्याकडे कुणीतरी ठरवून टाकलंय, तेराव्यालाच सगळं गोड करून मोकळं व्हायचं. होतं का तसं? नाही होत.

आता तो शब्द. कुटुंबवत्सल. खरं सांगू, हा शब्द मी जिवंत माणसाबद्दल कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तो पेपरातल्या निधनाच्या बातमीत राहतो, मनमिळाऊ आणि परोपकारी या दोघांच्या मधे. तीन आठवडे तू बाबांवर लिहायला बसलीच नाहीयेस, तू त्या शब्दावर लिहायला बसलीयेस, आणि त्या शब्दाच्या मापात बाबा बसत नाहीत म्हणून कधी बाबांवर चिडतेस, कधी स्वतःवर. विषय त्यांनी दिला असला तरी ही बोर्डाची परीक्षा नाही, विषय बदल. ग्रुपला सांग की मी लिहीन, पण शीर्षक माझं. कुणी नाही म्हणणार नाही, आणि म्हटलंच तर लेख देऊ नकोस, स्मरणिका तुझ्याशिवायही निघेल.

‘खरं की चांगलं’ हा प्रश्न मला जरा फसवा वाटतो. माझंच सांगते. माझे वडील एसटीत कंडक्टर, आठवड्यातून तीन रात्री मुक्कामी गाडी, आणि नेमकी दिवाळीत ड्युटी. ते गेल्यावर मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले, तर पहिला खर्डा इतका गुळगुळीत झाला की बहीण वाचून म्हणाली, हे कुणाचे वडील गं? मग रागाने दुसरा लिहिला, त्यात नुसती तक्रार. तोही खोटाच होता, कारण त्यात माणूस नव्हता, फक्त मी होते. तिसऱ्या वेळी मी ठरवलं की मत द्यायचंच नाही, त्यांच्या पत्र्याच्या पेटीत काय काय असायचं तेवढंच लिहायचं. तिकिटांचे गठ्ठे, पंचिंगचा चिमटा, अमृतांजन, मुक्कामाच्या गावच्या हॉटेलातली कागदात बांधलेली भजी, सकाळपर्यंत मऊ पडलेली, आमच्यासाठी. लेख त्यात आपोआप झाला. त्यांचं नसणं पण आलं त्यात आणि आमच्यावरचा जीव पण, मला काही सिद्ध करावं लागलं नाही.

म्हणून तुला एकच युक्ती सांगते, सॅक लिही. सोमवारी सकाळी बाबांची सॅक रिकामी व्हायची तेव्हा त्यातून काय निघायचं. करवंदांचा डाग पडलेला रुमाल तर तूच सांगितलास. अजून काय? तुमच्याकडचे डोंगर म्हणजे सगळा काळा कातळ, त्यात ते चमकणारे पांढरे-हिरवट झिओलाइटचे खडे सापडतात, त्यातला एखादा घरी आला होता का? चिखलाचे बूट कुठे ठेवायचे, आई ओरडायची का, सॅकला वास कसला यायचा? आणि रविवारी सॅक नसायची तेव्हा तुम्ही तिघं घरात काय करायचात तेही लिही, तेही त्याच गोष्टीत आहे. निकालाचा दिवस लिहायचा असेल तर लिही, पण ‘बाबा नव्हते’ यावर सोडू नकोस, ते गडावरून उतरल्यावर मार्कलिस्ट हातात घेऊन काय म्हणाले ते लिही. काहीच म्हणाले नसतील तर तसं लिही. आणि हो, सगळं छापायला द्यायलाच हवं असं नाही. एक लेख स्मरणिकेसाठी, एक फक्त तुझ्यासाठी, दोन्ही खरे असू शकतात, दुसऱ्यात जास्त पानं असतील इतकंच.

‘वडिलांसारखे’ बद्दल. तुला वाटतंय की त्या मुलांना खरे बाबा मिळाले आणि तुला उरलेले. मला उलट वाटतं की त्यांना एक दिवसाचे मिळाले. ‘सारखे’ असणाऱ्या वडिलांना प्रगतिपुस्तकावर सही करावी लागत नाही, रात्री ताप बघावा लागत नाही, फी भरली नाही म्हणून मान खाली घालावी लागत नाही. रविवारचा सूर्योदय आणि गडाच्या गोष्टी, त्यात कुणीही देखणाच दिसतो. पण त्या पोरांवर चिडू नकोस, त्यांच्यातल्या काहींच्या घरी रविवार म्हणजे काय असायचा हे तुला माहीत नाही, तुझ्या बाबांना बहुतेक माहीत होतं.

कळसूबाईचं मात्र मी काही ठरवून सांगणार नाही. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, त्या लोखंडी शिडीवर चांगले दाढीमिशावाले थिजलेले मी पाहिलेत, तू तर सातवीतली पोर. त्यांनी तुला रागावून वर ढकललं नाही, परत फिरले, एवढं पक्कं आहे. मग नंतर का विचारलं नाही? कदाचित तुला भीती वाटते म्हणून, कदाचित त्यांनाच वाईट वाटलं म्हणून, कदाचित चाळीस पोरांच्या गडबडीत राहून गेलं, तसंही होतं, आईबापांच्या हातून साध्या गोष्टी राहून जातात. मी त्याचा गोड अर्थ काढून तुला दिला तर तो माझा असेल. आईला विचार. त्या दिवशी घरी आल्यावर ते काय म्हणाले, हे फक्त तिलाच माहीत असणार.

आता पाटी. यात मला अजिबात दोन मनं नाहीत, नको म्हण.

रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासूनचं अभयारण्य आहे, तिथे वनखात्याला न विचारता सिमेंट कालवून दगड बसवणं म्हणजे सरांच्या नावाने गुन्हा नोंदवून घेणं. इतर गावचे वाचकही ऐका, कारण हल्ली असल्या पाट्या फार दिसायला लागल्यात. आपले बरेचसे गड १९५८ च्या केंद्राच्या नाहीतर १९६० च्या राज्याच्या पुरातत्त्व कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि केंद्राच्या कायद्यात तर स्मारक विद्रूप केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२५ मध्ये शिवनेरी, रायगड, राजगड, साल्हेर धरून बारा किल्ले जागतिक वारशात गेले, तिथे तर विचारायलाच नको. आणि कुणी भावनेच्या भरात रक्षा गडावरच्या टाक्यात सोडतात, कृपा करून सोडू नका, ते लोकांचं प्यायचं पाणी आहे.

पण कायदा राहू दे बाजूला. ज्या माणसाने चौतीस वर्षं पोरांच्या हातात ओलं फडकं देऊन दगडावरची नावं पुसून घेतली, त्याचं नाव त्याच दगडावर? हे ग्रुपवर तू कडवटपणे नको बोलूस, तो किस्सा ज्याने टाकला त्यालाच फोन कर आणि विचार, सरांनी ही पाटी बघितली असती तर तुला काय करायला लावलं असतं? बघ, तोच ग्रुपवर पाटी रद्द करून टाकेल. घरच्यांनी नकार देण्यापेक्षा हे बरं पडतं, कुणाचं मन मोडत नाही.

अर्धपुतळ्याचं शाळेची संस्था बघून घेईल, माझं मत विचारशील तर नको. वर्षातून एकदा हार, बाकी ३६४ दिवस कबुतरं. एक वेळ वर्गात चांगला फोटो चालेल, तोही सॅक पाठीवर असलेला, टाय लावून काढलेला नको.

मग पैशाचं काय करायचं, कारण तीनशे जण पाचशे-पाचशे देणार म्हटले तरी दीड लाख होतात. आमच्या शाळेत एक बक्षीस होतं, साठच्या दशकात कुणीतरी ५०१ रुपयांची ठेव ठेवली होती, मला ते मिळालं तेव्हा पाकिटात वीस रुपये होते आणि पाकीट बहुतेक दोन रुपयांचं. तेव्हा कायम ठेवीचा विचार असेल तर जरा मोठी रक्कम ठेवा. लाखाला सहा-साडेसहा टक्के धरले तर वर्षाला सहा हजारांच्या वर येतात, पण सगळं व्याज वाटून टाकू नका, थोडं मुद्दलात परत घाला, नाहीतर वीस वर्षांनी तेही पाकीट होणार. बक्षीस पहिल्या नंबराला नको, त्याला सगळेच देतात. भूगोलात ज्याने स्वतः चालून, मोजून काहीतरी केलंय त्याला द्या, गावच्या ओढ्याचा नकाशा, विहिरींच्या पाण्याची पातळी, असं काहीही. एवढ्या पैशासाठी ट्रस्ट नोंदवत बसू नका, ते हिशेब आणि ऑडिट कुणी करत नाही आणि पाच वर्षांत भांडणं होतात. पैसे एकाच्या वैयक्तिक खात्यात तर अजिबात नको, तो कितीही सज्जन असला तरी. शाळेच्या संस्थेच्या नावाने चेक, पावती, आणि ठेव कशासाठी आहे त्याचा कागद, लेखी.

राहिलेल्या पैशात शाळेला होकायंत्रं घ्या, सर्व्हे ऑफ इंडियाचे आपल्या भागाचे १:५०,००० चे नकाशे घ्या, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, ज्यावर समोच्च रेषा दाटल्या की पोराला कळतं इथे दम लागणार. झाडं लावायची टूम निघेलच (निघतेच), तर डोंगरावर जाऊन लावू नका, शाळेच्या आवारात लावा, जांभूळ, हिरडा, बेहडा, आणि एखादं काकड मिळालं तर फारच छान. गुलमोहर नको. आणि फोटो काढून झाल्यावर पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी ठरवा, मग खड्डा खणा.

सरांच्या नावाने दरवर्षी ट्रेक काढायचा असेल तरी तुझ्या बाबांच्या काळातलं ‘चला रे’ आता चालत नाही. २०१६ मध्ये मुरुडला कॉलेजची मुलं समुद्रात बुडाली त्यानंतर सहलींबाबत सगळेच सावध झालेत, आणि बरोबरच आहे. पालकांची लेखी संमती, शाळेची परवानगी, दहा-बारा मुलांमागे एक जाणता मोठा माणूस, भर पावसात नाही. आणि मुली किती येतात ते मोजा. स्मरणिकेसाठी आठवणी मागाल तेव्हाही हे लक्षात ठेवा, ज्या मुलींना घरून कधी सोडलंच नाही, ज्या मुलाकडे बूट नव्हते म्हणून तो आला नाही, त्यांना पण सर आठवत असतील, वर्गातले. त्यांना कुणी विचारत नाही. ‘सरांबद्दल दोन शब्द’ असं मागितलंत तर तीनशे वेळा देवमाणूस येईल. त्यापेक्षा विचारा की सर तुम्हाला कशावरून ओरडले होते, किंवा समोच्च रेषा कशा शिकवल्या, बटाटा कापून की आणि कसं? मग बघा लोक कसे लिहितात.

एक फायदा तुझ्या लक्षात आला नसेल. यंदा अधिक ज्येष्ठ होता, त्यामुळे तिथीने वर्षश्राद्ध तारखेच्या अडीच-तीन आठवडे पुढे जाणार. ग्रुपला तारखेचा दिवस देऊन टाक, हॉल, माईक, सत्कार काय हवं ते करू देत (फक्त वक्त्यांना पाच मिनिटांवर घंटा वाजवा, मी अशा एका सभेत चाळीस मिनिटं वक्त्याचंच आत्मचरित्र ऐकलंय). तिथीचा दिवस घरचा ठेव. तू, आई, भाऊ, बास. त्या दिवशी कुणाला सर म्हणायचं नाही.

आणि आता आई. तू लिहिलंस ती काही बोलत नाही. अगं, ती रोज लिहितेय. नोव्हेंबरनंतर मेपर्यंत जवळजवळ रोज शून्य लिहिणाऱ्या बाईला तू गप्प म्हणतेस? तिला समोर बसवून ‘आई, बाबांबद्दल सांग ना’ असं मुलाखतीसारखं करू नकोस, ती म्हणेल काय सांगायचं. स्वैपाक करताना बोल, शेवळं कशी साफ करायची ते विचार, शनिवारी रात्री किती चपात्या लाटायला लागायच्या ते विचार, फोनचं रेकॉर्डिंग तिला सांगून चालू ठेव आणि विसरून जा.

त्या आधी एक काम कर. पावसाची वही काढ, जुन्या असतील त्या सगळ्या. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, हवामान खात्याची वेळ तीच, भूगोलाचा मास्तर ती चुकवणार नाही. पण रविवारी साडेआठला तर तुझे बाबा कुठल्यातरी गडाच्या वाटेवर असायचे ना? मग रविवारचे आकडे कुणी लिहिले? कुठलंही वर्ष घे, जुलै उघड, कॅलेंडर शेजारी ठेव आणि रविवारच्या ओळींचं अक्षर बघ. मला काय दिसेल असं वाटतंय ते मी सांगत नाही, चुकेनही. पण लेख लिहायला बसायच्या आधी बघ, आणि जमलं तर आईला शेजारी घेऊन बघ.